दळणाची किंमत

घरी कॉफी दळण्यासाठी महागडे यंत्र घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कोणी येऊन विचारील, अशी कल्पना एके काळी कोणी केली नसती. परंतु विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, बंद पडलेल्या घरघंट्या आणि पाती झिजलेले मिक्सर ज्या फळीवर उतरवले जातात, त्याच फळीवर गेल्या काही वर्षांत पुण्यास, बंगळुरूस अथवा परदेशी नोकरी करणाऱ्या आमच्या गावच्या मुलांचे कॉफी ग्राइंडर येऊ लागले आहेत, आणि यंत्र उघडून पुढ्यात मांडले की प्रत्येक जण थोड्याफार फरकाने एकच गोष्ट विचारतो: यापेक्षा स्वस्तात भागले असते काय, किंवा याहून अधिक खर्च केला असता तर कॉफी अधिक चांगली झाली असती काय? हा प्रश्न मी क्षुल्लक मानीत नाही. कष्टाचा पैसा कशावर खर्चावा आणि त्याच्या बदल्यात नेमके काय पदरात पडते, हे जाणून घेण्याची इच्छा ही विवेकाची खूण आहे. आणि यंत्राच्या पोटात काय असते हे ज्याने आपल्या हाताने उघडून पाहिले आहे, त्याने या प्रश्नाचे उत्तर पूर्ण तपशिलाने देणे हे मी त्याचे कर्तव्य समजतो.

आमच्या दुकानाचे वर्ष हंगामांच्या हिशेबाने चालते. रब्बीचे पाणी सुरू झाले, म्हणजे अंधानेर, चापानेर, नागद, करंजखेड या बाजूंच्या शेतांवरून मोटारी येऊ लागतात, कारण विजेचा दाब खाली उतरला की मोटार अधिक प्रवाह ओढते, तापते आणि तिच्या तारेवरचे आवरण जळून जाते. दिवाळीच्या आधी अनारशाच्या आणि भाजणीच्या घाईत मिक्सरचे कपलिंग तुटतात, बुश झिजतात. आणि फाल्गुन-चैत्रात वर्षाचा मसाला करण्याची वेळ आली, की मिरची कांडपाच्या यंत्रांची बेअरिंगे एकामागून एक निकामी होतात. शेतीच्या मोटारी वगळल्या, तर दुकानात येणारे यंत्र बहुधा दळण्याचे, कांडण्याचे किंवा वाटण्याचेच असते. आणि वडिलांच्या हाताखाली या कामास लागल्यापासून आजवर, कोणते यंत्र दाण्याला नेमके काय करते, हे पाहण्यातच माझ्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडला आहे.

ही विद्या माझ्या आधीच्या पिढीतील स्त्रियांना कोणत्याही यंत्रशाळेत न जाता अवगत होती. जात्याच्या पाळ्या गुळगुळीत झाल्या म्हणजे दळण भरड येते आणि पीठही ऊन होते, हे त्यांना चिमटीत पीठ घेताच कळे, आणि मग त्या टाकी लावणाऱ्याची वाट पाहत. वरची पाळी मधल्या खिळ्यावर नीट न बसता एका अंगाला झुकली, तर एका बाजूने पिठी आणि दुसऱ्या बाजूने कण्या पडतात, हे त्या जाणून होत्या. घास किती घालावा आणि खुंटा किती वेगाने फिरवावा, यावर दळणाचा पोत ठरतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. आणि ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले तर त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, म्हणून दळण थोडे आणि ताजे असावे, असा त्यांचा दंडक होता. पाळ्यांची धार, त्यांचे एकमेकींशी समांतर असणे, त्यांमधील अंतरावर ताबा, आणि दळणाचा ताजेपणा, ही ती चार तत्त्वे. कॉफीच्या ग्राइंडरविषयी जितके म्हणून सांगण्यासारखे आहे, तितके सर्व या चार तत्त्वांत सामावते, आणि दहा हजारांच्या व लाखाच्या यंत्रात फरक शोधायचा असेल तर तोही यांच्यातच शोधावा लागतो.

आमचा मुलूख चहाचा. कॉफी आमच्याकडे आली ती बव्हंशी पाण्यात विरघळणाऱ्या पुडीच्या रूपाने, आणि सणासमारंभात दुधात उकळून, साखर व जायफळ घालून केलेल्या पेयाच्या रूपाने. कॉफीचा अख्खा, भाजलेला दाणा घरात येण्याचे कारणच नव्हते. याला जसे सवयीचे कारण आहे, तसे कायद्याचेही आहे. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात अरबस्थानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या, अशी आख्यायिका आहे. आज देशातील कॉफीचा फार मोठा वाटा कर्नाटकात पिकतो, आणि आपल्या महाराष्ट्रातही मेळघाटातील चिखलदऱ्याला ब्रिटिश अमदानीपासून कॉफीची झाडे आहेत. परंतु १९४२ च्या कॉफी कायद्यान्वये मळेवाल्याने आपले पीक कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करावे आणि मंडळाने ते लिलावाने विकावे, अशी व्यवस्था जी सुरू झाली, ती १९९० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने शिथिल होत १९९६ पर्यंत संपली. कोणत्या मळ्याचा दाणा आपल्या हाती आला आहे हे ओळखण्याचा मार्ग तोवर सामान्य ग्राहकाला जवळजवळ नव्हता. त्यानंतर मळ्यांशी थेट सौदा करून दाणे भाजणारे छोटे व्यावसायिक उभे राहिले, आणि भाजल्याची तारीख छापलेले पाकीट टपालाने किंवा कुरियरने कन्नडपर्यंत येऊ लागले. अख्खा दाणा घरात आला, म्हणून दळण्याचे यंत्र घरात आले. आणि यंत्र घरात आले, म्हणून ते बिघडून माझ्या फळीवर आले.

पहिला ग्राइंडर माझ्याकडे आणला तो मैसूरकडून बदलून आलेल्या एका बँकेच्या साहेबांनी. त्यात एक बारीक खडा अडकून यंत्र जाम झाले होते. दाण्यांत खडा येणे हे गिरणीवाल्याला जितके परिचित, तितकेच ते कॉफीवाल्यालाही असावे. मी यंत्र उघडले आणि आत पाहतो, तो एका पोकळ कड्यात बसलेला शंकूच्या आकाराचा पोलादी तुकडा, दोघांवरही तिरपे दाते, आणि दोघांमधले अंतर कमीअधिक करणारा बारीक आट्यांचा स्क्रू. जाते आडवे असते आणि हे उभे होते, एवढाच भेद, तत्त्व तेच. साहेबांनी त्या दिवशी दुकानातच कॉफी केली, त्यांच्या पितळी फिल्टरमध्ये, अर्धा तास संयमाने थेंब थेंब उतरू देऊन; आणि त्या डिकॉक्शनचा वास घेतल्यापासून या विषयात माझे मन गुंतले.

मिक्सरचे पाते आणि पोलादी पाळ्या यांत मूलतः काय अंतर आहे, ते येथे स्पष्ट केले पाहिजे. मिक्सरची मोटार मिनिटाला अठरा ते वीस हजारांच्या आसपास फेरे घेते आणि तिचे पाते भांड्यातील दाण्यांवर अंधपणे आदळत राहते. जो दाणा पात्याच्या वाटेत पुनःपुन्हा येतो त्याची पिठी होते, जो भांड्याच्या कडेला उडून बसतो तो अर्धवट फुटून राहतो, आणि या दोहोंवर यंत्राचा काही ताबा नसतो. घरघंटीतही पोलादी हातोडे दाण्यांवर आदळतातच, परंतु तेथे भोवती नंबराची जाळी असते, आणि जाळीच्या छिद्रातून जाण्याइतका कण बारीक झाल्याशिवाय त्याची सुटका नसते. मिक्सरला अशी जाळी नाही. उलट दोन पाळ्यांच्या यंत्रात दाणा वरून आत शिरतो, आधी फुटतो, मग खाली खाली सरकताना पाळ्यांमधील अंतर अरुंद होत जाते, आणि त्या शेवटच्या अरुंद वाटेतून ज्या मापाचा कण पार होईल, त्याच मापाचा कण बाहेर पडतो. भाजलेला कॉफीचा दाणा ठिसूळ असल्यामुळे कितीही चांगल्या पाळ्यांत थोडी पिठी पडतेच. ती किती कमी पडते, यावर यंत्राची प्रत ठरते.

हे कणांचे मापन एवढे महत्त्वाचे का, याचे उत्तर पाण्यात आहे. भाजलेल्या दाण्याच्या वजनापैकी सुमारे २८ ते ३० टक्के द्रव्ये पाण्यात विरघळू शकतात. दाण्याच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के द्रव्ये उतरली असता कॉफी समतोल लागते, असा निष्कर्ष अमेरिकेतील अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात मांडला, आणि तो आजही आधार म्हणून मानला जातो. एका मिलिमीटरच्या कणाचे अर्ध्या मिलिमीटरचे कण केले, तर तेवढ्याच वजनाला पाण्याचा स्पर्श होणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. म्हणजे एकाच दळणात पिठी आणि भरड एकत्र असतील, तर पिठीतून कडवट व तुरट द्रव्येही निघून जातात, आणि त्याच वेळी भरडीच्या पोटातला गोडवा आतच राहून कप आंबटसर व फिका होतो. असा कप कडूही लागतो आणि पाणचटही लागतो, आणि पिणाऱ्याला वाटते की दाणेच निकृष्ट होते.

निरनिराळ्या किमतींची यंत्रे हाती येत गेली, तसतशी ती मालकाच्या परवानगीने उघडून पाहण्याचा आणि परत देण्यापूर्वी एकाच पाकिटातले दाणे त्यांत दळून, घरघंटीच्या नंबरवार जाळ्यांवर ते दळण चाळून पाहण्याचा मी परिपाठ ठेवला. हजार-दीड हजाराच्या पात्याच्या ग्राइंडरमधून वरच्या जाळीवर भरड आणि तळाच्या ताटात पिठी, दोन्ही भरपूर, आणि मधला रवा थोडा, असाच निकाल नेहमी मिळाला. दोन-अडीच हजारांच्या, चिनीमातीच्या पाळ्यांच्या हातयंत्रात रवा वाढला, परंतु त्याची एक विशिष्ट खोड ध्यानात आली: त्याचा दांडा एकाच टोकाला, तोही प्लॅस्टिकच्या बुशात धरलेला असतो, त्यामुळे बारीक दळताना पाळ्या एकमेकींना टेकून सरळ राहतात, परंतु जाड दळण्यासाठी अंतर वाढवले की दांडा डुलू लागतो आणि दळण एका बाजूने जाड, एका बाजूने बारीक पडते. पाच ते दहा हजारांच्या हातयंत्रात पाळ्या कठीण पोलादाच्या असतात, त्यांचे दाते यंत्रावर नेमके कापलेले असतात, आणि मुख्य म्हणजे दांडा दोन बेअरिंगांत दोन्हीकडून धरलेला असतो. डायल गेज लावून पाहिला तर तो हलल्याचे जेमतेम दिसते. या यंत्रातले दळण चाळल्यावर जो फरक दिसतो तो डोळ्यांना दिसतो, त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही.

यापुढची पायरी, म्हणजे वीस-पंचवीस हजारांची विजेवरची यंत्रे आणि त्यांच्याही वरची पन्नास हजारांपासून लाखापर्यंतची. त्यांत पाळ्यांचा व्यास मोठा होतो, मोटार शांत आणि संथ चालते, आत अडकून राहणारी पूड कमी होते, बाहेरचे अंग अॅल्युमिनियमचे आणि देखणे असते. जाळ्यांवर मात्र पाच-दहा हजारांच्या चांगल्या हातयंत्राच्या दळणापेक्षा ते दळण फार थोडे सरस उतरते, आणि पुष्कळदा सरस उतरतही नाही. पात्यापासून पाळ्यांपर्यंत आणि डुलणाऱ्या दांड्यापासून दोन बेअरिंगांपर्यंत जो पैसा खर्च होतो, तो जवळजवळ सगळा दळणात उतरतो. त्यानंतरच्या पैशाचा बहुतांश वेळ, श्रम आणि शांतता यांच्या खरेदीत जातो. दोन माणसांसाठी सकाळी दोन मिनिटे हात फिरवणे ज्याला सांधेदुखीमुळे शक्य नाही, किंवा ज्या घरी रोज आठ-दहा कप होतात, त्याला हा खर्च वाजवी आहे. पण तो कॉफीच्या चवीच्या खाती लिहू नये.

चवीची परीक्षा जिभेनेच झाली पाहिजे, म्हणून कपांच्या तळाशी खुणा करून, कोणता कप कोणत्या यंत्राचा हे न सांगता, घरची मंडळी, दुकानातली मुले आणि शेजारचे एक निवृत्त गुरुजी यांना मी अनेकदा कॉफी दिली. दुधाशिवायच्या कॉफीत मिक्सरचे दळण आणि पोलादी पाळ्यांचे दळण यांतला भेद बहुतेक सर्वांनी ओळखला, ज्यांनी आयुष्यभर चहाच प्यायला त्यांनीसुद्धा. हातयंत्र आणि महागडे विजेचे यंत्र यांतला भेद क्वचितच कोणी खात्रीने सांगू शकले. आणि दूध, साखर व जायफळ घातल्यावर तर मिक्सरची व हातयंत्राची कॉफीसुद्धा अनेकांना सारखीच वाटली, ज्यात नवल नाही, कारण दुधातील प्रथिने तुरट द्रव्यांना बांधून ठेवतात आणि साखर कडवटपणा झाकते. तेव्हा ज्या घरी कॉफी दुधात उकळूनच होते, तेथील गृहिणीने विचारले, तर मी सांगतो, "ताई, आहे तो मिक्सर पुरे, एकदम न चालवता थोडा थोडा वेळ थांबून थांबून चालवा, मध्ये भांडे हलवा, म्हणजे दाणे तापणार नाहीत, आणि उरलेला पैसा चांगल्या दाण्यांत घाला."

दाक्षिणात्य फिल्टर वापरणाऱ्याचे प्रकरण निराळे. तेथे दळण फार बारीक झाले तर डिकॉक्शन अडते, जाड झाले तर भरभर खाली येऊन पाणचट होते; शिवाय बाजारच्या पुडीत पुष्कळदा चिकोरी असते, जी डिकॉक्शनला दाटपणा आणते. कायद्याने अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण ५१ टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असले पाहिजे. त्यामुळे चिकोरीशिवायची शुद्ध कॉफी फिल्टरमध्ये नीट उतरवायची असेल, तर दळणाच्या पोतावर ताबा पाहिजे, आणि तो ताबा चांगल्या हातयंत्राने पूर्णपणे मिळतो. एस्प्रेसोचे यंत्र ज्यांनी घरी आणले आहे, त्यांना मात्र मी स्वस्त ग्राइंडर सुचवीत नाही. तेथे नऊ बारच्या आसपासच्या दाबाने पाणी पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत पार व्हावे लागते, आणि पाळ्यांमधले अंतर केसभर बदलले तरी या वेळेत मोठा फरक पडतो. जर्मनीत बनणाऱ्या कोमांडांटे या प्रसिद्ध हातयंत्राचा एक खटका सुमारे ३० मायक्रॉनचा असतो, तरी एस्प्रेसोसाठी तोही कित्येकांना मोठा वाटतो आणि ते आणखी बारीक आट्यांचा दांडा बसवून घेतात. अशा ठिकाणी अधिकचा पैसा सूक्ष्म ताब्यासाठी दिला जातो, आणि तो देण्याजोगा असतो.

महागड्या यंत्रांची कीर्ती कशी वाढते, हे समजून घेण्यासारखे आहे. २०१३ साली मेलबर्नला भरलेल्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत मॅट पर्गर या ऑस्ट्रेलियन स्पर्धकाने मालकोनिग कंपनीचे ईके ४३ हे ९८ मिलिमीटर पाळ्यांचे दुकानी यंत्र वापरले, आणि तेव्हापासून जगभरच्या कॉफीगृहांत त्या यंत्राला मोठी मागणी आली. हे यंत्र त्यापूर्वी कित्येक वर्षे उपलब्ध होते आणि त्यात मसालेही दळले जातात. म्हणजे आमच्या कांडपाच्या दुकानाशी त्याचे नाते आहे. त्याचा गुण मोठ्या, नीट जुळवलेल्या पाळ्यांत होता. पाळ्या जुळवणे हे काम मीही करतो: दोन-तीन हजारांच्या यंत्रातली वाकडी बसलेली पाळी काढून, तिच्याखाली पत्र्याची पातळ चकती देऊन ती समांतर आणली, तर त्या यंत्राचे दळण पूर्वीपेक्षा स्पष्टपणे सुधारते.

आता दुरुस्तीविषयी, कारण यंत्राच्या किमतीचा हा भाग खरेदीच्या वेळी कोणीच हिशेबात धरत नाही. अमेरिकेतून आणलेले एक सुंदर यंत्र माझ्याकडे आले, ते तेथील ११० ते १२० व्होल्टच्या विजेसाठी केलेले होते आणि आपल्या २३० व्होल्टला लावताच त्याची मोटार गेली होती. सुदैवाने तिची वाइंडिंग उघडी होती, आम्ही ती २३० व्होल्टच्या हिशेबाने नव्याने गुंडाळली आणि यंत्र पुन्हा चालू लागले. दुसरे एक, त्याहून महाग, वीज कमीजास्त होऊन त्याची नियंत्रण-पट्टी जळाल्यामुळे बंद पडले. तिचे सुटे भाग मिळत नव्हते, संपूर्ण पट्टी परदेशातून मागवावी लागणार होती आणि तिची किंमत यंत्राच्या किमतीच्या निम्म्याच्या घरात होती. ज्या गावात भारनियमन असते आणि विजेचा दाब दिवसातून अनेकदा वरखाली होतो, तेथे ज्या यंत्राला वीजच लागत नाही किंवा ज्याची मोटार कोणत्याही तालुक्याच्या गावी गुंडाळता येते, ते यंत्र आपल्या किमतीपेक्षा अधिक मोलाचे ठरते. चांगल्या हातयंत्राच्या पाळ्या घरगुती वापरात कित्येक वर्षे टिकतात, आणि झिजल्या तर तेवढ्याच बदलता येतात.

हिशेब करू इच्छिणाऱ्यासाठी ताळेबंद अगदी सरळ आहे. दोन माणसे रोज एकेक कप कॉफी पितात आणि एका कपाला १५ ग्रॅम दाणे लागतात, असे धरले तर महिन्याला ९०० ग्रॅम. पाव किलोचे पाकीट ५०० रुपयांच्या आसपास मिळते, म्हणून महिन्याचा दाण्यांचा खर्च १,८०० रुपये. ६,००० रुपयांचे हातयंत्र दहा वर्षे चालले तर त्याचा महिन्याचा वाटा ५० रुपये. म्हणजे त्या १,८०० रुपयांच्या दाण्यांना न्याय देण्यासाठी ५० रुपये देणे हे पूर्णपणे वाजवी आहे, आणि मिक्सरमध्ये ते दाणे वाया घालवणे हेच खरे महाग. ६०,००० रुपयांच्या यंत्राचा वाटा ५०० रुपये. त्या जादा ४५० रुपयांत अधिक चांगले दाणे घेतले तर कपात जी सुधारणा होते, ती यंत्राच्या सुधारणेहून निश्चितपणे मोठी असते. आणि जो केवळ रविवारी कॉफी पितो, त्याच्या दोन कपांचे दाणे महिन्याला साधारण २४० रुपयांचे होतात. त्याने दाण्यांच्या दुप्पट पैसा यंत्रात घालावा, असे कोणत्याही हिशेबनिसाला मान्य होणार नाही.

ज्या गोष्टींना पैसा लागत नाही, त्या तर स्वस्त व महाग, दोन्ही प्रकारच्या यंत्रांच्या मालकांनी कराव्यात. दाणे भाजल्याची तारीख पाहून घ्यावेत, हवाबंद ठेवावेत आणि पाणी उकळायला ठेवल्यावरच दळावेत, कारण दळलेल्या पुडीतून सुवास आणि भाजताना दाण्यात साठलेला कर्बवायू फार वेगाने निघून जातो. आमच्याकडच्या कोरड्या थंडीत दळलेली पूड स्थितिक विद्युतेमुळे डब्याला चिकटते. दळण्यापूर्वी दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून ते हलवावेत, म्हणजे ती चिकटत नाही, आणि ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली या कृतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून तिला दुजोरा दिला आहे. यंत्र महिन्यातून एकदा उघडून ब्रशाने साफ करावे, कारण दाण्यातील तेल पाळ्यांवर साचून खवट होते, आणि तो खवटपणा लाखाच्या यंत्रातही कपात उतरतो.

तेव्हा माझे मत असे: पिढ्यान्‌पिढ्या दळण करणाऱ्या हातांनी जी चार तत्त्वे सांभाळली, ती ज्या किमतीत पूर्ण होतात, त्या किमतीपर्यंत पैसा निःशंकपणे खर्चावा, त्यापुढे ज्याला सोय, शांतता किंवा कारागिरीचे सौंदर्य हवे असेल त्याने तेही आनंदाने घ्यावे, परंतु ते काय आहे हे जाणून घ्यावे. आजची अडचण अशी की ग्राहकाला हे जाणण्याचे साधन नाही. खोक्यावर मोटारीचे वॅट छापलेले असतात, रंगांची नावे छापलेली असतात, पण पाळ्या कोणत्या धातूच्या, किती व्यासाच्या, दांडा किती बेअरिंगांत धरलेला, आणि पाळीची वा मोटारीची बदली किती रुपयांना मिळेल, यांचा बहुधा उल्लेखही नसतो. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी संकेतस्थळ सुरू केले, ही योग्य दिशा आहे. त्यात दळण्याच्या यंत्रांच्या सुट्या भागांची किंमत व उपलब्धता जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक व्हावे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार गुंडाळण्याबरोबर पाळ्या समांतर करण्याचेही शिक्षण दिले जावे, अशी माझी मागणी आहे. एवढे झाले, तर कन्नडच्या ग्राहकाला उत्तरासाठी माझ्या दुकानात यावे लागणार नाही. खोके हातात घेऊनच तो ठरवू शकेल की आपला पैसा दळणात उतरणार आहे की नाही.